शाळेच्या लॅबसाठी मागवलेलं ‘बर्न सेफ्टी किट’, एक शैक्षणिक वर्ष वापरून झाल्यावर

किट कुठल्या कंपनीचं ते लिहीत नाही, कारण हीच लाल पेटी ऑनलाइन चार-पाच वेगवेगळ्या नावांनी मिळते, आतलं सामान जवळपास तेच, वरचा स्टिकर तेवढा बदलतो. ‘स्कूल लॅब बर्न सेफ्टी किट’ असं शोधलं की जे पहिलं दिसेल तेच समजा. आमच्या संस्थेने साडेसहा हजाराच्या आसपास देऊन घेतलं आणि ते हाताळायची जबाबदारी माझ्याकडे आली म्हणून सविस्तर लिहितेय, म्हणजे बाकी शाळांतल्या सर-मॅडमना ऑर्डर देण्याआधी काय बघायचं ते कळेल. पालकांनीही वाचा, आणि पुढच्या पालकसभेत मार्कांसोबत लॅबबद्दल पण विचारा.

मी तालुक्याच्या गावात अनुदानित शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. लॅब एकच, एका वेळेला पन्नासच्या आसपास पोरं आत, गॅसचे बर्नर नाहीत, सगळं काम स्पिरिटच्या दिव्यांवर. दहावीला प्रात्यक्षिकाचे २० मार्क असतात त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत लॅबमध्ये नुसती झुंबड असते. भाजणं म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर मोठा स्फोट येतो, पण शाळेत नेहमी होतं ते साधं असतं, तापलेली तिवई हाताने उचलणं, गरम परीक्षानळी पकडणं, उकळतं पाणी अंगावर उडणं, कॉस्टिक सोड्याचा नाहीतर ॲसिडचा शिंतोडा. तापलेली काच आणि थंड काच दिसायला सारखीच असते हे पोरांना कितीही सांगा, हात जातोच.

पेटीत काय आलं ते एका दमात सांगते. दहा गॉगल, दोन फायर ब्लँकेट, बर्न जेलचे सॅशे, जेल लावलेल्या ड्रेसिंगच्या पट्ट्या, डोळे धुवायची अर्ध्या लिटरची बाटली, नायट्राइलचे हातमोजे, एक जोडी जाड हातमोजे, दोन प्लास्टिकचे ॲप्रन, बँडेज, कात्री, पिवळ्या मलमाची एक ट्यूब आणि भिंतीवर चिकटवायचं पोस्टर. पॅकिंग चांगलं होतं, काही फुटलं-तुटलं नव्हतं. जेलची एक्स्पायरी मात्र जेमतेम वर्षभराची उरली होती, तेव्हा आल्या आल्या तारखा बघून घ्या आणि कमी असेल तर तिथल्या तिथे परत करा.

गॉगलपासून सुरू करते कारण माझ्या मते पेटीतली सगळ्यात कामाची वस्तू तीच आहे. चांगली गोष्ट म्हणजे कडेने बंद असलेले, इलॅस्टिकचा पट्टा असलेले गॉगल दिलेत. बऱ्याच शाळांत सुतारकामाचे उघडे चष्मे आणून ठेवतात, ते उडणाऱ्या कपच्यांसाठी ठीक आहेत, पण पातळ पदार्थ उडाला तर कडेने सरळ आत जातो. घेताना फ्रेमवर ईएन १६६ (डोळ्यांच्या संरक्षणाचं युरोपियन मानक) लिहिलंय का बघा आणि त्याच फ्रेमवर ३ हा आकडा आहे का तेही बघा, तो आकडा म्हणजे शिंतोड्यांपासून संरक्षण. अमेरिकन मार्किंगचा असेल तर झेड ८७ आणि डी३ असतं. आमच्यावर ईएन १६६ आणि ३ दोन्ही आहेत. हवा जायची भोकं सरळ आरपार नाहीत, आडवी झाकलेली आहेत, हे पण बरोबर आहे. कमी काय, तर वाफ धरते. दहा मिनिटांत काच धुरकट होते आणि पोरं गॉगल कपाळावर ढकलतात, आणि कपाळावरचा गॉगल कुणाचेच डोळे वाचवत नाही. नंबरच्या चष्म्यावरून घालताना टोचतो अशी पण तक्रार आहे, तरी बसतो. आणि संख्या, पन्नास पोरांना दहा गॉगल! मग आम्ही दहा-दहाच्या गटाने दिवा पेटवायचं ठरवलं, बाकीच्यांनी तेवढ्यात निरीक्षणं लिहायची. खरं सांगायचं तर त्यामुळे गर्दी मोडली आणि त्याचाच फायदा जास्त झाला. पुढे अजून वीस गॉगल सुटे घेतले, चांगला गॉगल सुटा दीडशे-दोनशेत मिळतो.

डोळ्यांबद्दल एवढा आग्रह का, तर अल्कलीमुळे, म्हणजे चुना, कॉस्टिक सोडा असल्या पदार्थांमुळे. पोरांना ॲसिडची भीती असते आणि चुनकळी, कॉस्टिक सोडा याचं काहीच वाटत नाही, कारण चुना घराघरात असतो. पण अल्कली डोळ्यात गेली तर ती ॲसिडपेक्षा खोल उतरत जाते, बुबुळाचं नुकसान चालूच राहतं. चुनकळीवर पाणी टाकायचा प्रयोग आपण किती सहज करतो, भांडं हाताला चटका बसेल इतकं तापतं, आणि वरून फसफसून तुषार उडतात. या प्रयोगाला माझ्याकडे आता गॉगल नसेल तर पोरगं टेबलाजवळ येत नाही.

त्याच कारणासाठी डोळे धुवायच्या बाटलीवर मी नाराज आहे. बाटली हिरवी, वर डोळ्याच्या आकाराचा कप, बघायला छान. पण डोळे धुण्याच्या केंद्रासाठी जे अमेरिकन मानक आहे त्यात मिनिटाला साधारण दीड लिटर पाणी, सलग १५ मिनिटं, असं सांगितलंय. म्हणजे वीस-बावीस लिटर पाणी झालं. आणि पेटीत किती, तर अर्धा लिटर. टेबलापासून नळापर्यंत जाईपर्यंत ती वापरायची, बस. पोस्टरवर मात्र बाटलीने धुवा आणि डॉक्टरकडे जा एवढंच लिहिलंय, नळाचं नावसुद्धा नाही, हे मला अजिबात पटलं नाही.

यावर उपाय गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळाला. बाथरूममध्ये लावतात तो जेट स्प्रे असतो ना, लांब लवचीक पाइपवाला, तो लॅबच्या बेसिनच्या नळाला प्लंबरकडून बसवून घेतला. साडेतीनशे रुपये आणि वर प्लंबरची मजुरी. कॉक थोडा बंद करून धार मऊ केलीय, म्हणजे डोळ्यावर मारली तरी टोचत नाही, आणि हातावर-मानेवर-पाठीवर कुठेही पाणी पोचतं. खऱ्या आयवॉशची बरोबरी नाही होणार, पण टाकी भरलेली असेपर्यंत पाणी थांबत नाही. प्रात्यक्षिकाच्या दिवशी सकाळी टाकी भरलीय का बघणं हे आमच्या शिपाई मामांच्या कामात लिहूनच टाकलंय.

आता फायर ब्लँकेट. काचेच्या धाग्याचं, पांढरं, मीटर बाय मीटर, लाल पिशवीत घडी घालून, खाली दोन काळ्या पट्ट्या लोंबत असतात त्या ओढायच्या. पाकिटावर ईएन १८६९ (फायर ब्लँकेटचं युरोपियन मानक) छापलेलं आहे. नुसतं भिंतीला टांगून ठेवण्यापेक्षा करून बघू म्हणून मैदानाच्या कडेला, पोरांना लांब उभं करून, पाण्याच्या बादल्या आणि शाळेचं अग्निशामक जवळ ठेवून, जुन्या घमेल्यात अगदी थोडं स्पिरिट घेतलं आणि लांब काठीला पलिता बांधून पेटवलं. दुपारचं ऊन होतं. ज्योत दिसेचना! पोरं ओरडायला लागली मॅडम विझलं, विझलं, तेवढ्यात मामांनी लांबूनच कागदाचा बोळा त्यात टाकला तो भस्सकन पेटला आणि सगळी दोन पावलं मागे सरकली. स्पिरिटची ज्योत उजेडात दिसत नाही हे मी फळ्यावर दरवर्षी लिहायचे, पण त्या दिवशी ते सगळ्यांना खरंच कळलं. दिवा विझलाय असं समजून त्यात स्पिरिट ओततात आणि भडका उडतो, तो असाच.

ब्लँकेटने आग लगेच दाबली गेली, त्यात तक्रार नाही. तक्रार अशी की दोनपैकी एकाची घडी पिशवीत इतकी कोंबून बसवली होती की पट्ट्या ओढल्या तर पिशवीच खिळ्यावरून निघून हातात आली. आग लागलेली असताना असं झालं असतं तर काय, विचार करा. फोटो पाठवल्यावर विक्रेत्याने ते बदलून दिलं, पण तुम्ही पेटी आल्यावर दोन्ही एकदा ओढून बघाच आणि पुन्हा सैल घडी घालून ठेवा. टांगायचं दाराजवळ, दिव्याच्या टेबलाच्या डोक्यावर नाही, नाहीतर आगीवरून हात घालून काढावं लागेल. आगीवर टाकताना ब्लँकेटची वरची कड आपल्या मुठींवर दुमडून घ्यायची म्हणजे हात झाकले जातात, आणि टाकल्यावर उत्सुकतेने लगेच उचलून बघायचं नाही.

कपड्यांनी पेट घेतला तर काय करायचं हे पोस्टरवर एका चित्रात उरकलंय आणि चित्रात पोरगं उभं दाखवलंय, ते चुकीचं आहे. उभ्या माणसाच्या अंगावरच्या ज्वाला वर चेहऱ्याकडे, केसांकडे जातात. आधी त्याला खाली आडवं पाडायचं, मग ब्लँकेट मानेपासून पायाकडे टाकायचं, आणि ब्लँकेट हाताशी नसेल तर जमिनीवर लोळवायचं. पळू द्यायचं नाही. आम्ही हे पीटीच्या तासाला सगळ्या वर्गांकडून करून घेतलं, थांब-पड-लोळ, तोंडावर दोन्ही हात. पाचवीची पोरं दहावीच्यांपेक्षा भारी करतात.

ॲप्रन सरळ बाजूला ठेवले. प्लास्टिकचे आहेत, ॲसिडच्या शिंतोड्याला ठीक, पण ज्योतीपाशी प्लास्टिक नको, वितळून कातडीला चिकटतं. खरं तर आपल्या पोरांचे युनिफॉर्म पण टेरिकॉटचेच असतात, त्यात निम्म्याहून जास्त पॉलिएस्टर. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात २००८ च्या डिसेंबरात एक २३ वर्षांची संशोधन सहायक रसायन हाताळताना भाजली, अंगावर लॅब कोट नव्हता आणि स्वेटर सिंथेटिक होता, तो पेटला, १८ दिवसांनी ती गेली. ते रसायन शाळेत येत नाही पण कापडाचं गणित तेच आहे. आम्ही गावातल्या टेलरकडून मांजरपाटाचे पूर्ण बाह्यांचे ॲप्रन शिवून घेतले, मागे बंद, पटकन सुटतील असे. सुती कापड पण पेटतं, नाही असं नाही, पण वितळून चिकटत नाही आणि ओढून काढता येतं. मुलींच्या ओढण्या लॅबच्या बाहेर खुंटीला, वेण्या वर बांधलेल्या, हातातली कडी-बांगड्या काढून. आणि अजून एक, कोविडपासून लॅबच्या दारात सॅनिटायझरची बाटली असायची ती मी हलवली, त्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं, ओले हात घेऊन पोरं सरळ दिव्याशी जायची.

आता जेलबद्दल, कारण किटच्या जाहिरातीत सगळा भर त्याच्यावर आहे. ते वापरायची वेळ आली. दहावीच्या एका मुलाने दिवा विझवून झाल्यावर आवरायच्या घाईत तिवई वरच्या कड्याला धरून उचलली. तिवई लगेच टाकली पण तीन बोटांची टोकं पांढरट पडली. स्टाफरूममधून कुणीतरी टूथपेस्ट घेऊन धावत आलं, कुणी बर्फ म्हणालं, पेटीतलं पिवळं मलम पण बाहेर निघालं. मी सगळ्यांना थांबवलं, मुलाच्या मनगटातलं स्टीलचं कडं आधी काढलं (सूज आली की मग ते निघत नाही आणि कापावं लागतं) आणि हात नळाखाली धरला. पूर्ण २० मिनिटं. ही वीस मिनिटं खरंच फार लांब असतात. चार-पाच मिनिटांत दुखायचं थांबलं म्हणून तो हात काढायला लागला, काढला की पुन्हा आग, पुन्हा नळाखाली. मामा शेजारी उभे राहून घड्याळ बघत होते आणि त्याला क्रिकेटचं विचारत होते. पाणी नळाचं साधं, बर्फाचं नाही, कारण बर्फाने तिथला रक्तपुरवठा आकसतो आणि भाजलेली कातडी अजून खराब होते.

त्यानंतर जेलची पट्टी लावली आणि ती मला आवडली. गार लागते, जखमेला चिकटत नाही, डॉक्टरांकडे नेताना वारा-धूळ लागली नाही. डॉक्टरांनी पट्टी काढली तेव्हा जखम स्वच्छ दिसत होती, फोड आले होते ते त्यांनी फोडले नाहीत, ड्रेसिंग करून दिलं. मुलगा प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसला. म्हणजे जेलचा उपयोग आहे, पण पाण्यानंतर. पाण्याऐवजी नाही. सहलीला, क्षेत्रभेटीला, जिथे नळ नाही तिथे सॅशे कामाचे. भाजल्यापासून तीन तासांपर्यंत वाहतं पाणी उपयोगी पडतं असं तज्ज्ञ सांगतात, तेव्हा उशीर झाला तरी पाणी सोडू नका. किटच्या पोस्टरवर पहिल्या क्रमांकाला ‘जेल किंवा क्रीम लावा’ आहे, त्यासाठी मी थेट दोन स्टार कापलेत. मलम, हळद, शाई, तूप, टूथपेस्ट, काहीही चोपडलं की उष्णता आत अडकते आणि डॉक्टरांना जखम किती खोल आहे ते दिसत नाही, ते खरवडून काढावं लागतं, आणि ते पोराला सोसावं लागतं. ती पिवळी ट्यूब मी पेटीतून काढूनच टाकली. तिच्या जागी स्वयंपाकघरात असतो तसला क्लिंग फिल्मचा रोल ठेवलाय, पाण्यानंतर जखमेवर नुसती लांबट ठेवायची, गुंडाळून आवळायची नाही, पारदर्शक असल्याने डॉक्टरांना न काढताच दिसतं.

पोस्टर उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूला आम्ही मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलं. ॲसिड अंगावर पडलं तर भिजलेला कपडा लगेच काढा आणि पाणी, त्यावर सोडा टाकून ते उदासीन करायला जाऊ नका, त्या क्रियेतून आणखी उष्णता निघते. कोरडी पूड असेल तर आधी झटका मग पाणी. कपडा भाजून कातडीला चिकटला असेल तर ओढू नका. स्वतःच्या तळहाताएवढं किंवा त्याहून मोठं भाजलं, किंवा चेहरा, हात, पाय, सांधे, जांघ यातलं काही भाजलं, किंवा रसायनाने-विजेने भाजलं तर थेट दवाखाना. रुग्णवाहिका १०८, आग १०१. मोठं भाजलं असेल तर आपल्याकडे नवी मुंबईत ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे, नुसतं भाजलेल्यांसाठीचं हॉस्पिटल, पण तिथे पाठवायचं की नाही ते जवळचे डॉक्टर ठरवतील, आपण वीस मिनिटं पाणी न देताच गाडी पळवू नये.

किटची खरी उणीव मला वापरता वापरता जाणवली. पेटीतलं जवळजवळ सगळं भाजल्यानंतरचं आहे. भाजूच नये म्हणून जे लागतं ते गॉगल सोडले तर काहीच नाही, आणि ते सगळं स्वस्त आहे!

आमच्या लॅबमधला सगळ्यात धोक्याचा प्रयोग कुठला असं विचारलं तर लोक सोडियम म्हणतील. मी म्हणेन पानातल्या स्टार्चचा. पान स्पिरिटमध्ये उकळून हिरवा रंग काढायचा असतो, आणि कितीतरी ठिकाणी स्पिरिटचं चंचुपात्र पाण्याच्या भांड्यात ठेवून त्याच्या खाली दिवा पेटता ठेवतात, काही ठिकाणी तर पाण्याचं भांडंही नसतं. स्पिरिटची वाफ हवेपेक्षा जड, ती कडेवरून खाली उतरते, आणि खाली ज्योत. अल्कोहोल ७८ अंशाला उकळतं, म्हणजे त्यासाठी ज्योत लागतच नाही, उकळलेलं पाणी पुरतं. मी साध्या इलेक्ट्रिक किटल्या घेतल्या, आठशे-नऊशेची एक. किटलीत पाणी उकळायचं, ते मोठ्या भांड्यात ओतायचं, त्यात पान आणि स्पिरिट असलेली परीक्षानळी उभी ठेवायची, खोलीत एकही दिवा पेटलेला नाही. पान पाच-सात मिनिटांत पांढरट होतं, आयोडीनचा निळा-काळा रंग छान येतो. किटलीचं पाणी पण भाजतंच, ६० अंशाचं पाणी पाचेक सेकंदात खोल भाजतं आणि हे तर उकळतं, म्हणून ओतायचं काम माझं किंवा मामांचं, आणि वायर टेबलावरून लोंबत नाही. पण भडक्याची भीती गेली. साडेसहा हजाराच्या पेटीपेक्षा या किटल्यांनी माझी लॅब जास्त सुरक्षित केली असं मी खात्रीने म्हणेन.

दुसरी खरेदी म्हणजे स्टीलचे स्पिरिटचे दिवे, काचेचे एकेक करून काढले. पडले तरी फुटत नाहीत. दिवा दोन तृतीयांशच्या वर भरायचा नाही, अगदी तळाला गेलेला पेटवायचा नाही कारण रिकाम्या जागेत वाफ आणि हवा साठते, दिव्याने दिवा लावायचा नाही, फुंकून विझवायचा नाही, टोपण घालायचं, आणि भरायचं काम सकाळी, लॅबमध्ये एकही ज्योत नसताना. तिसरी खरेदी शंभर मिलीच्या ड्रॉपर बाटल्या. स्पिरिटचा पाच लिटरचा कॅन आणि तीव्र सल्फ्युरिक ॲसिडची अडीच लिटरची बाटली आता वर्गात येतच नाही, कपाटात कुलपात. विरल द्रावण आधीच करून ठेवायचं, ॲसिड पाण्यात, हळूहळू, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.

मोठा कॅन वर्गात आणू नका असं मी इतकं का म्हणते ते सांगते. न्यूयॉर्कच्या बीकन हायस्कूलमध्ये जानेवारी २०१४ मध्ये क्षारांच्या रंगीत ज्योती दाखवायचा प्रयोग चालू होता, मेथॅनॉल (स्पिरिटसारखंच पेटणारं एक अल्कोहोल) वापरून. मोठ्या बाटलीतून ओतताना ज्वाला उसळली आणि समोर बसलेला एक मुलगा चेहऱ्यापासून अंगभर भाजला. त्याच्या थोडेच दिवस आधी, डिसेंबर २०१३ मध्ये, रासायनिक अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने नेमक्या याच प्रयोगाच्या धोक्यावर व्हिडिओ काढला होता, त्यात २००६ साली ओहायोच्या एका शाळेत अशीच भाजलेली मुलगी स्वतः बोलते. व्हिडिओ होता, इशारा होता, तो त्या वर्गापर्यंत पोचला नाही. पुढे २०१९ मध्ये ज्युरीने त्या मुलाला जवळपास सहा कोटी डॉलर भरपाई ठरवली, पण पोराची कातडी पैशाने परत येत नाही. आणि त्याच वर्षी, २०१४ च्या सप्टेंबरात, रेनोच्या विज्ञान संग्रहालयात आणि डेन्व्हरच्या एका शाळेत मेथॅनॉलनेच पुन्हा पोरं भाजली. मेथॅनॉलची वाफ ११-१२ अंशालाच पेट घेण्याइतकी होते, आपल्याकडे तर खोलीचं तापमान हिवाळ्यातसुद्धा त्याच्या वर असतं, म्हणजे बाटली उघडली की धोका सुरू. बाटलीच्या तोंडाशी ज्योत पोचली की आतली वाफ पेटून द्रव झोतासारखा बाहेर फेकला जातो, समोरच्या रांगेत बसलेल्याला पळायला वेळच मिळत नाही. रंगीत ज्योतीच दाखवायच्या तर आईस्क्रीमच्या लाकडी काड्या रात्रभर क्षाराच्या द्रावणात भिजवा आणि ज्योतीत धरा, तांब्याचा हिरवा, मिठाचा पिवळा मस्त दिसतो, अल्कोहोल ओतायचं कामच नाही.

विज्ञान प्रदर्शनाचं पण सांगून ठेवते. तालुक्याच्या प्रदर्शनात अमोनियम डायक्रोमेटचा ज्वालामुखी अजून दिसतो. ठिणग्या उडतात आणि ते क्रोमियमचं संयुग विषारी आहे, पोरं वरून वाकून बघत असतात. खायचा सोडा आणि व्हिनेगरचा करा ना. परीक्षकांनी पण त्याला मार्क द्यावेत, ही माझी मनापासूनची विनंती आहे. मॅग्नेशियमची फीत जळताना पाणी मारायचं नाही, कोरड्या वाळूची बादली लागते, ती पण पेटीत नसते, नदीची वाळू चाळून वाळवून घ्या.

जाड हातमोजे बरे आहेत पण आकार मोठ्यांचा, आठवीच्या पोरांच्या हातातून गळतात, मामाच वापरतात. नायट्राइलचे हातमोजे पातळ, ज्योतीपाशी घालायचे नाहीत. कात्री चांगली निघाली. अग्निशामक किटमध्ये येत नाही, तो आयएस १५६८३ चा आयएसआय मार्कवाला वेगळा घ्यावाच लागतो. तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत २००४ साली आगीत ९४ मुलं गेली त्यानंतर सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये शाळांना हे बंधनकारक केलंय, तेव्हा ‘बजेट नाही’ हे उत्तर कुणी दिलं तर ऐकून घेऊ नका. काटा हिरव्यात आहे का दर महिन्याला बघा.

तर माझं मत. गॉगल ४ स्टार, जेल पट्ट्या ४, ब्लँकेट ३, डोळ्याची बाटली २, ॲप्रन १, पोस्टर शून्य. एकूण अडीच. लॅबमध्ये काहीच नसेल आणि खरेदीसाठी एकच बिल हवं असेल तर घ्या, रिकाम्या भिंतीपेक्षा बरं. पण सुटं घेता येत असेल तर सुटं घ्या. पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला लॅबच्या सामानाची दुकानं आहेत, गॉगल हातात घेऊन, मार्किंग वाचून घेता येतो. त्याच पैशात वीस गॉगल, दोन ब्लँकेट, एक किटली, जेट स्प्रे आणि जेलच्या थोड्या पट्ट्या बसतात. आमच्या पट्ट्यांची एक्स्पायरी आता जवळ आलीय म्हणून विक्रेत्याला नुसत्या पट्ट्यांचं रिफिल मिळेल का विचारलं तर पूर्ण पेटीच घ्यावी लागेल असं उत्तर आलं, पट्ट्या मग आम्ही सर्जिकलच्या दुकानातून आणल्या.